पाणी कुठपर्यंत आलं होतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९५ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत असताना या व्यासपीठावर मी एकदाच चढले होते, तेही टेबलावरचा तांब्या-पेला उचलायला. आज पंधरा मिनिटं मिळाली आहेत. समितीने विषय दिलाय, ‘उन्हाळी इंटर्नशिप आणि आपला परिसर’. मगाशी चहाच्या वेळी मराठीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “इंटर्नशिपला मराठीत काय म्हणतात गं?” तीस वर्षांनंतरही माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, “प्रशिक्षण?” बाई म्हणाल्या, “उमेदवारी. पूर्वी मुलगा सुताराकडे, छापखान्यात उमेदवारी करायचा. आता उमेदवार म्हटलं की तुम्हाला फक्त निवडणूक आठवते.” निवडणूक तरी कुठे आठवत होती बाई! मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर २०२६ पर्यंत आपल्या वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. तर आज मी उमेदवारीबद्दल बोलणार आहे. बिननिवडणुकीच्या.

सॉफ्टवेअरमध्ये मला चोवीस वर्षं झाली. दर मे महिन्यात आमच्या ऑफिसात आठ-दहा इंटर्न येतात. सुरुवातीला आम्ही त्यांना खेळण्यातली कामं द्यायचो. एखादा छोटा प्रोजेक्ट करायचा, शेवटच्या दिवशी सादरीकरण, केक, सर्टिफिकेट. सोमवारी तो सगळा कोड पुसून टाकायचा. एका वर्षी माणसं कमी होती म्हणून एका मुलीला खरा बग दिला. गिऱ्हाइकाची पावती छापताना पत्त्याची शेवटची ओळ कापली जायची. तिने तीन दिवस डोकं फोडून तो सोडवला. ती कॉलेजला परत गेली आणि ऑगस्टमध्ये तिचा मेल आला, “मॅडम, ती ओळ अजून नीट छापली जातेय ना?” आमच्याकडच्या एकाही इंटर्नने आपल्या सादरीकरणाची अशी चौकशी कधी केली नव्हती. हा किस्सा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आपल्या वेळी शाळेत समाजसेवेला श्रेणी असायची. एका शनिवारी मैदानातले कागद वेचले की ‘अ’. स्काउट-गाइडवाल्यांची ‘खरी कमाई’ असायची, त्यात निदान बूट पॉलिश तरी करावं लागायचं. कॉलेजात एनएसएस. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालेली ही योजना. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. आता तर सगळीकडे तासच मोजतात. २०१८ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने स्वच्छ भारत समर इंटर्नशिप काढली. मुलांनी खेड्यात जाऊन १०० तास काम करायचं आणि त्याचे दोन क्रेडिट मिळवायचे. इंजिनिअरिंगच्या मुलांना चार वर्षांत १०० अॅक्टिव्हिटी पॉइंट जमवावे लागतात. माझ्या भाच्याने त्यातले वीस एका सकाळी जमवले. कसे, ते त्याच्या आईसमोर सांगता येणार नाही, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

मी तासांची टिंगल करत नाही. आपल्याच तुकडीतला एक जण बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आला होता. चंद्रपूर जिल्ह्यात, पंधरा ते बावीस मे, विदर्भाच्या भर उन्हात. आठ दिवस खणून हाताला फोड घेऊन आला आणि माणूस बदलून आला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण सोमनाथहून परत यावं लागतं. तिथली माती तिथेच राहते. मला प्रश्न पडला होता तो वेगळाच: ज्या गल्लीतून आपण रोज शाळेत येतो, त्या गल्लीत मूल उमेदवारी करू शकेल का?

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी, विज्ञानाच्या एक तरुण बाई आणि आपल्या तुकडीतले दोघे. मी इंजिनिअर, त्यामुळे पहिल्या दिवशी काय केलं असेल? अॅप केलं. मुलांनी परिसरातल्या कचऱ्याचे फोटो काढायचे, अॅपवर चढवायचे, नकाशावर लाल ठिपके दिसणार. आठवी-नववीची सव्वीस मुलं आली. तिसऱ्या आठवड्यात नऊ उरली. एका सफाई कामगार मावशींनी आमच्या एका मुलाला थांबवून सांगितलं, “फोटो काय काढतोस? मी रोज बघतेच की कचरा. त्यापेक्षा घरी आईला सांग, ओला-सुका वेगळा दे म्हणून.” त्या मुलाने हे मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिना संपला, सोनेरी काठाची सर्टिफिकेटं वाटली, फोटो काढला. त्या अॅपच्या सर्व्हरचं भाडं मी दिवाळीपर्यंत भरत होते. जूननंतर ते कोणीही उघडलं नव्हतं. मुलांनीही नाही, मीही नाही.

म्हणजे ऑफिसात जी चूक बंद केली, तीच इथे केली होती. खेळण्यातलं काम.

खरा बग सुचला तो विज्ञानाच्या बाईंना. त्या म्हणाल्या, “मॅडम, मुलांची सुट्टी मे महिन्यात असते. त्या महिन्यात घाटकोपरात सगळ्यात निकडीचं काम कुठलं?” पावसाळ्यापूर्वीचं. नालेसफाई, फांद्यांची छाटणी, गटारांच्या जाळ्या. आणि आपल्याकडे, डोंगराच्या पायथ्याशी, पाणी हा काय विषय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हा आकडा सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या गल्लीत, अमुक घराच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं, हे कुठेही लिहिलेलं नाही. ते फक्त त्या घरातल्या माणसांना माहीत आहे. ती माणसं म्हातारी होताहेत आणि इमारती पुनर्विकासाला जाताहेत.

म्हणून २०२४ च्या मे महिन्यात मुलांच्या हातात आम्ही मोबाइलऐवजी दिली मोजपट्टी, खडू आणि वही. चौदा मुलं. सकाळी आठ ते साडेदहा, ऊन चढायच्या आत. दोघादोघांची जोडी, एकट्याने कोणाच्या घरात जायचं नाही, गटाराचं झाकण उचलायचं नाही, हात लावायचा नाही, पालकांची सही हवी. प्रत्येक तळमजल्यावर बेल वाजवायची आणि एकच प्रश्न विचारायचा: “पाणी कुठपर्यंत आलं होतं?”

मंडळी, हा प्रश्न काय जादू करतो, ते तुम्ही बघायला हवं होतं. सर्वेक्षण म्हटलं की माणसं दार अर्धंच उघडतात. हा प्रश्न विचारला की माणूस आत बोलावतो, भिंतीशी नेतो आणि हात ठेवून दाखवतो, “इथपर्यंत.” मग मुलं मापं घेतात, आणि मग गोष्ट सुरू होते. एका आजींनी तांदळाचा डबा माळ्यावर टाकताना पाठ धरली ती आजतागायत. एका काकांनी त्या रात्री लोकलमध्ये अडकलेल्या तीन अनोळखी माणसांना घरी ठेवून घेतलं होतं. त्यातला एक अजून दिवाळीला फोन करतो. मुलं २०१० नंतर जन्मलेली. त्यांच्यासाठी २६ जुलै म्हणजे आपल्यासाठी पानशेतचा पूर होता तसं. त्यांच्या वह्यांत सेंटिमीटर कमी आणि गोष्टी जास्त, असं होऊ लागलं, तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी वहीत दोन रकाने आखून दिले.

दुसऱ्या आठवड्यात मापं नकाशावर उतरवताना एक गोष्ट दिसली. एका गल्लीत २००५ पेक्षा गेल्या दोन वर्षांत पाणी जास्त साचलं होतं. पाऊस तेवढा नसताना! नववीतली एक मुलगी सलग तीन सकाळी तिथे जाऊन उभी राहिली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, “जाळी दिसत नाही.” एका सोसायटीने गाड्यांसाठी फाटकाशी पेव्हर ब्लॉकचा उतार केला होता आणि रस्त्याकडेची पावसाळी गटाराची जाळी त्या उताराखाली गेली होती. पाण्याला जायला वाटच नाही. हा शंभर टक्के बग होता. आमच्या ऑफिसातल्या पत्त्याच्या ओळीसारखाच, साधा आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा.

मुलांनी पत्र लिहिलं. पाच वेळा. पहिल्या मसुद्यात ‘आपला बेजबाबदारपणा’ असा शब्द होता, तो मराठीच्या बाईंनी काढायला लावला. महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक वहीत चिकटवला. आणि पत्र घेऊन मुलं त्या सोसायटीत गेली.

आता जे सांगते ते सांगू की नको, याचा मी आठवडाभर विचार करत होते.

मुलांना फाटकातून आत घेतलं नाही. सेक्रेटरींनी वॉचमनमार्फत विचारलं, “कुठून आलात?” मुलांनी शाळेचं नाव सांगितलं. “ते नाही, राहता कुठे?” चौदापैकी अकरा मुलं डोंगरावरच्या वस्तीत राहतात. तुम्हाला माहीत असेल-नसेल, आज आपल्या शाळेत येणारी बहुतेक मुलं तिथलीच आहेत. आपली मुलं आता मराठी शाळेत नसतात. मुलांनी वस्तीचं नाव सांगितलं. “मग तिथली गटारं बघा आधी,” असं उत्तर आलं.

ती सोसायटी माझी. म्हणजे माझी आई अजून तिथे राहते, मी लग्न होईपर्यंत तिथेच वाढले. संध्याकाळी मी गेले, तर सेक्रेटरीकाका हसून म्हणाले, “तू होतीस होय? आधी सांगायचं ना. तू कधीही ये. पण अशी कोणीही पोरं आत घ्यायची म्हणजे...” काका वाईट नाहीत. माझ्या बाबांच्या आजारपणात रात्री दोन वाजता त्यांनीच गाडी काढली होती. पण त्यांचं ‘कोणीही’ माझ्या डोक्यातून जाईना. कारण पंचवीस वर्षं त्या इमारतीत राहून मी तरी कितीदा डोंगरावर गेले होते? घरकामाला येणाऱ्या ताई तिकडून यायच्या. रस्ता दहा मिनिटांचा. मी एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलांची माफी मागितली. त्यातला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ते बोलले ते बरोबरच आहे. आमच्याकडची गटारं पण बघू या ना.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच बघायचं होतं.

म्हणून तिसरा आठवडा डोंगरावर. आणि तिथे आमचा प्रश्नच चालेना. “पाणी कुठपर्यंत आलं होतं?” असं विचारलं की बाया हसायच्या. “इथं पाणी थांबतंय कुठं? खाली जातं, तुमच्याकडं.” तिथे भीती पाण्याची पातळी वाढण्याची नाही, मागची भिंत आणि वरची माती यांची आहे. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली. आपण तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे होतो, पेपरात वाचलं होतं. तिथे माणसं ती तारीख घरच्या तारखेसारखी सांगतात. मग मुलांनीच प्रश्न बदलला: “पाणी कुठून येतं?” आणि वहीत नवा रकाना आला. कचऱ्याची गाडी चढणाच्या अर्ध्यावर थांबते, वरचा कचरा घळीत जातो, पहिल्या पावसात घळीतून खाली येतो आणि आमच्या गल्लीतल्या उरल्यासुरल्या जाळ्यांवर बसतो. पायथ्याचा नकाशा आणि डोंगराचा नकाशा शाळेच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावले, तेव्हा दोन नकाशे नाहीतच हे आठवीच्या मुलालाही कळलं.

पुण्या-मुंबईत या प्रकारच्या कामाला मोठी माणसं लागतात असा आपला समज असतो. मुंबईत अर्जुन अप्पादुराई यांनी उभ्या केलेल्या ‘पुकार’ने २००५ पासून चाळी-वस्त्यांतल्या तरुणांचे गट करून त्यांना स्वतःच्याच मोहल्ल्याचं संशोधन करायला लावलं. संशोधन हा प्राध्यापकांचा नव्हे, प्रत्येकाचा हक्क आहे, असं अप्पादुराई म्हणतात. हे मी आधी वाचलं होतं, मान डोलावली होती, आणि तरी पहिल्या वर्षी प्रश्न मीच ठरवून दिला होता. तोही माझ्या तळमजल्यावरून दिसणारा.

निकाल काय, असं विचाराल. सोसायटीने उतार फुटभर मागे घेतला. पत्रामुळे नाही. जाळीच्या समोरचं पहिलंच घर सेक्रेटरीकाकांच्या मेहुणीचं होतं. तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, जाळी अर्धीच मोकळी झाली. जुलैमध्ये पाणी साचलंच, घोट्यापर्यंत. पण त्या दिवशी दुपारी तांदळाच्या डब्यावाल्या आजींनी त्या नववीतल्या मुलीच्या आईच्या मोबाइलवर फोन केला, “पोरीला म्हणावं पट्टी घेऊन ये, पाणी चढतंय.” ती छत्री घेऊन गेली. सोसायटीच्या फाटकातून. कोणी काही विचारलं नाही. मापं घेतली, अर्ध्या अर्ध्या तासाने, आजींच्या घरी खिचडी खाल्ली आणि पाणी उतरल्यावर वर घरी गेली. त्या दिवशी इंटर्नशिप संपून सहा आठवडे झाले होते.

रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, जोशी लेन आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करून खत करायला सुरुवात केली आणि १९९७ पासून महापालिकेने प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे आपण ज्याला एएलएम म्हणतो, ते मुंबईभर नेलं. आपण तेव्हा कॉलेजात होतो आणि त्या रस्त्याने स्टेशनला जायचो. मी अलीकडे आपल्या भागातल्या दोन एएलएमच्या बैठकांना गेले. खुर्चीवरच्या माणसांचं सरासरी वय सत्तर. एका आजोबांनी मला विचारलं, “आमच्यानंतर कोण?” मी आजूबाजूला पाहिलं, तर तिथली सगळ्यात तरुण मीच होते. सेहेचाळीस!

आता पैशाचं बोलते, कारण ते न बोलता मी खाली बसले तर हे सगळं भाषणच राहील. पहिल्या आठवड्यात चार मुली यायच्या थांबल्या होत्या. एकीच्या आईला भेटले. त्या म्हणाल्या, “ताई, येईल ती. पण सुट्टीत मण्यांचं काम असतं घरी. डझनावर पैसे मिळतात. ते कोण करणार?” बिनपगारी इंटर्नशिप परवडते ती आपल्या मुलांना, आणि तेही सर्टिफिकेट अमेरिकेच्या अर्जाला जोडता येतं म्हणून. आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हे लिहिलं आणि दोन दिवसांत प्रत्येक मुलामागे दोन हजार रुपये जमले. मानधन म्हणू नका, मुलं लहान आहेत, शिष्यवृत्ती म्हणा. चारपैकी तीन मुली परत आल्या. चौथी नाही आली.

समितीने सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाला वातानुकूलन करायचं ठरवलंय, हे मला ठाऊक आहे. आज इथे बसून मलाही ते पटतंय, घाम मलाही आलाय. पण वीस मुलांची मे महिन्याची शिष्यवृत्ती होते चाळीस हजार रुपये. पाच उन्हाळ्यांचे दोन लाख. तेवढे बाजूला काढावेत, असा ठराव मी दुपारच्या सभेत मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी खुशाल करावा, पण आधी भिंतीवरचे नकाशे बघून यावेत. प्रयोगशाळेच्या बाहेरच लावलेत, प्रसाधनगृहाच्या वाटेवर, म्हणजे कोणाला टाळता येणार नाहीत.

आणि पैशाहून अवघड मागणी. मुलांच्या प्रत्येक जोडीबरोबर एक मोठं माणूस लागतं. शिकवायला नाही, फाटकाशी उभं राहायला. यंदा आम्ही मेच्या पहिल्या सोमवारी सुरुवात करतोय. ज्यांना घाटकोपरात दोन सकाळी देता येतील, त्यांनी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहावं. ठाण्या-डोंबिवलीहून येणाऱ्यांनीही. सेक्रेटरीकाकांनी आधीच लिहिलंय. पहिलं नाव त्यांचं आहे, आणि पुढे कंसात ‘फक्त सकाळी नऊपर्यंत’.